बहिणीला परदेशात इकॉनॉमिक्समध्ये मास्टर्स करायचंय: सांगली-साताऱ्याकडच्या जाणकारांनी सांगा

बेदाणेवाला (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. मी कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, वडील द्राक्षबाग बघतात. धाकटी बहीण यंदा सांगलीतून बी.ए. झाली, स्पेशल इकॉनॉमिक्स, ७४ टक्के. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी आर्ट्स. आता म्हणते मास्टर्स बाहेरच करणार. आमच्या घरातलं कुणी पुण्याच्या पुढं शिकायला गेलेलं नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला हाच प्रश्न.

एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. टाय घातलेल्या पोरानं अर्ध्या तासात इंग्लंडमधली विद्यापीठं भराभर काढून दाखवली, त्यातली निम्मी नावं मी कधी ऐकली नव्हती. ऑफर लेटर पंधरा दिवसांत, खर्च पस्तीस लाख, कर्जाचं आमच्याकडं लागलं, आजच टोकन भरा. बाहेर येऊन रसाच्या गाड्यावर थांबलो तर बहीण म्हणाली, "इकॉनॉमिक्समधलं काय शिकायचंय, हे त्यानं एकदाही विचारलं नाही."

तर देश कुठला, खरा खर्च किती, बागेवर कर्ज मिळतं का, आणि आर्ट्सच्या पोरीला हे झेपतं का? आत्याचा प्रश्न वेगळाच आहे, तो इथं लिहीत नाही.

पोवईनाका:

टोकन भरलं नाही ना? मग निम्मं काम झालं.

माझं मत विचाराल तर आत्ता जाऊच नका. अर्थशास्त्रासाठी आपल्याच देशात अशा जागा आहेत की तिथली पोरं परदेशात गेल्यावर पहिल्या सत्रात आरामात बसलेली असतात. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, आयएसआय म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा मास्टर्स आहे, गोरेगावात रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, पुण्यात १९३० पासूनची गोखले इन्स्टिट्यूट आहे. पस्तीस लाखांत दोन भावंडांचं शिक्षण होऊन वर विहीर निघेल. दिल्लीला सीयूईटी पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून जातात. आयआयटीवाल्यांच्या जॅम परीक्षेत २०२१ पासून इकॉनॉमिक्सचा वेगळा पेपर आहे. आधी यातली एक परीक्षा देऊन बघा म्हणावं. सुटली तर परदेश कुठं पळून जात नाही.

कराड_ते_बॉन:

मी मूळचा कराडचा, सध्या जर्मनीत बॉनमध्ये एम.एस्सी. इकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. पोवईनाका यांचं निम्मं पटतं.

पैशाचं आधी सांगतो, कारण जर्मनी म्हटलं की लोक "फुकट" एवढंच ऐकतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही हे खरं. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि इकॉनॉमिक्ससाठी नावाजलेलं मानहाइम नेमकं त्याच राज्यात आहे. बाकी ठिकाणी सत्राला काहीशे युरो वर्गणी, तीत बहुधा बस-रेल्वेचा पास येतो. खरा खर्च राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. शंभर रुपयांना युरो धरला तर बारा लाखांच्या आत-बाहेर. हे पैसे तुमचेच असतात, आल्यावर महिन्याला ९९२ युरो असे सुटत राहतात. पण एकरकमी घरातूनच काढावे लागतात, आणि अडतं ते तिथंच. दुसऱ्या वर्षाचा खर्च बऱ्यापैकी कामातून निघतो. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विभागातच प्राध्यापकाच्या हाताखाली हिवी म्हणजे विद्यार्थी साहाय्यक म्हणून काम मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण तिथं डेटा साफ करता करता शिकणं होतं. नाही मिळालं तर गोदामात खोकी उचला, मीही उचलली.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. आपली मार्कशीटं-पदवी खरी आहे का ते तपासून देतात. त्याला वेळ जातो, त्यामुळं कागद आधीच गोळा करायला घ्या.

आता अवघड भाग. मागणी-पुरवठ्याचे वक्र एकमेकांना छेदतात आणि तिथं समतोल होतो, हे बी.ए.ला आपण आकृती काढून मोकळे होतो. इथं पहिल्याच सत्रात विचारतात, असा समतोल असतोच कशावरून? सिद्ध करा. त्यासाठी फिक्स्ड पॉइंटचं प्रमेय लागतं, त्यासाठी बंदिस्त संच, सातत्य, बहिर्वक्रता हे सगळं लागतं. माझी बी.एस्सी. गणितात होती म्हणून तरलो. राइनहार्ड झेल्टन याच विद्यापीठात शिकवायचे, १९९४ चं नोबेल नॅश आणि हार्सानी यांच्याबरोबर मिळालेले. या जागेचा पिंडच गणिती आहे. सगळी विद्यापीठं एवढी कडक नसतात. पण आर्ट्सची पोरगी सरळ इथं आली तर इंग्रजीनं नाही, गणितानं रडेल.

माणदेशी_मेंढका:

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या पुतण्यासाठी.

फळ्यावरून:

मी सांगली जिल्ह्यात एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य छापून भिंतीवर लावावं असं आहे, म्हणून त्यावरच लिहिते.

आमच्या बी.ए.च्या पोरांना उदासीनता वक्र येतात, आयएस-एलएम येतं, सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, आर्थिक विचारांचा इतिहास तोंडपाठ असतो. कॅल्क्युलस शून्य. संख्याशास्त्र म्हणजे मध्य, मध्यगा, बहुलक आणि फार तर सहसंबंध. यात पोरांचा दोष नाही, बारावीला गणित सोडलेली मुलंच आमच्याकडं येतात आणि अभ्यासक्रम त्यांना धरून बेतलेला असतो. पण परदेशातली निवड समिती ७४ टक्क्यांकडं नंतर बघते. आधी ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठ देतं त्या विषयवार गुणांच्या उताऱ्यावर, गणित, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमेट्रिक्स (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) या शब्दांखाली किती क्रेडिट आहेत ते मोजते. जर्मनीत तर बऱ्याच ठिकाणी अमुक इतके ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, गणिताचे, अमुक इतके इकॉनॉमिक्सचे असं लिहूनच दिलेलं असतं. ते भरले नाहीत तर अर्ज उघडून वाचतसुद्धा नाहीत.

यावर उपाय आहे, पण पंधरा दिवसांचा नाही. बालभारतीची अकरावी-बारावी सायन्सची गणिताची पुस्तकं घ्यायची आणि पहिल्या पानापासून हातानं सोडवायची. मग लिनिअर अल्जेब्रा, एकापेक्षा जास्त चलांचं कॅल्क्युलस, प्रॉबॅबिलिटी. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. परीक्षेला मात्र केंद्रावर जाऊन बसायचं आणि प्रमाणपत्र मिळवायचं, ते अर्जाला जोडता येतं. नुसते व्हिडिओ बघणारी पोरं मी ढिगानं पाहिली आहेत, वहीत काहीच नसतं.

आणखी एक. "मास्टर्स इन इकॉनॉमिक्स" या नावाखाली निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. शुद्ध इकॉनॉमिक्स म्हणजे पीएच.डी.ची पूर्वतयारी, तिथं गणित सर्वांत जास्त. अप्लाइड किंवा डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्समध्ये डेटा जास्त, सिद्धता कमी. गॉटिंगेनला डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स आहे. नेदरलँड्समधलं वाखेनिंगेन शेतीशी संबंधित अर्थशास्त्रासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथं फी लागते. पब्लिक पॉलिसी हा आणखी वेगळा रस्ता. तुमच्या बहिणीला यातलं काय हवंय? ते कळल्याशिवाय देश सांगण्यात अर्थ नाही.

बेदाणेवाला:

मॅडम, धन्यवाद. बहिणीला वाचायला दिलंय. गप्प बसून वाचतेय, म्हणजे डोक्यात काहीतरी चाललंय.

कर्जाचं कुणी सांगेल का? वडील म्हणतात साडेतीन एकर बाग आहे, बँक का नाही देणार.

मिरज_शाखा:

निवृत्त बँक अधिकारी, तीसेक वर्षं कर्ज विभागात. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की बागेची किंमत कितीही असो, शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. यात बँकेची मग्रुरी नाही. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकायचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्यानं मिळाला. त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे. म्हणजे शेतकऱ्याला संरक्षण मिळालं आणि त्याच संरक्षणामुळं त्याचा सातबारा इथं कामाला येत नाही. गावठाणातलं घर, बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव, एलआयसीची पॉलिसी हे चालतं. घराचं प्रॉपर्टी कार्ड कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंदीलाच उन्हाळा जाईल.

साधारण रचना अशी. साडेसात लाखांपर्यंत बहुधा तारण नाही. त्यापुढं स्थावर तारण. परदेशी शिक्षणाला चार लाखांवरच्या कर्जात १५ टक्के रक्कम तुम्ही घालायची. वडील सहकर्जदार. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नाही, पण व्याज मात्र पहिल्या दिवसापासून धावत असतं, हे ऐकून लोक दचकतात. जमेल तेवढं व्याज दरमहा भरत राहा, शेवटी फरक दिसतो. खासगी वित्तसंस्था विनातारण मोठी रक्कम देतात, व्याजही तसंच मोठं लावतात. कन्सल्टन्सीवाला "कर्ज आम्ही करून देतो" म्हणतो ते बहुधा यांच्याकडचं असतं.

आयकरात ८० ई खाली व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण जुनी करप्रणाली घेतली तरच. आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पैसे पाठवताना पूर्वी टीसीएस नावाचा कर आगाऊ कापायचे, ते एप्रिल २०२५ पासून बंद झालंय.

पोवईनाका:

मिरज_शाखा काका, एवढं स्पष्ट आमच्या शाखेत कुणी सांगितलं असतं तर.

मिरज_शाखा:

काउंटरवर मीही एवढं सांगत नव्हतो. मागं रांग असायची.

थेम्सकाठची_सांगलीकर:

इंग्लंडची बाजू मी मांडते. विश्रामबागची मुलगी, लंडनबाहेरच्या एका विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, आता इथंच नोकरी.

फायदा एवढाच की वर्षात आटोपतं. तोटाही तोच. सप्टेंबरला उतरायचं, जानेवारीत परीक्षा, उन्हाळ्यात प्रबंध, संपलं. वर्ग सुरू झाले त्याच महिन्यात नोकऱ्यांचे अर्जही सुरू होतात. घर सापडायच्या आत मुलाखतीची तयारी. लंडनमधल्या नावाजलेल्या ठिकाणी नुसती फी तीस हजार पौंडांच्या वर जाते. हेल्थ सरचार्ज विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि वर्षाच्या कोर्सला दीड वर्षाचा धरून व्हिसाच्या वेळीच घेतात. शिकून झाल्यावरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो अठरा महिन्यांचा होणार. त्यानंतर राहायचं तर कंपनीनं स्किल्ड वर्कर व्हिसा द्यायला हवा. त्याला पगाराची किमान मर्यादा आहे, ती जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंड केली. नवख्यांना थोडी सूट असते, पण नावाजलेलं नाव डिग्रीवर नसेल तर तेवढंही जड जातं.

माझ्या वर्गात एजंटमार्फत आलेली बरीच मुलं होती. विषय कुठला घेतलाय हे विमानतळावर विचारलं तर दोघांना धड सांगता आलं नसतं. ती वाईट नव्हती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तुमची बहीण रसाच्या गाड्यावर जे बोलली ते वाचून बरं वाटलं.

राजवाडा_चौपाटी:

जरा अवांतर, पण साताऱ्याचा माणूस गप्प कसा बसेल. अर्थशास्त्र शिकायला परदेशी गेलेला आपल्याकडचा सगळ्यात मोठा विद्यार्थी साताऱ्याच्या शाळेतला. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव घातलं गेलं, आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. १९१३ ला सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यावर कोलंबियात १९१५ ला एम.ए. झाले. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले, आणि १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी., विषय रुपयाचा प्रश्न.

हे सांगायचं कारण असं की पैसे संपणं, मध्ये परत येणं, नोकरी करून पुन्हा जाणं हा या विषयातला जुनाच रस्ता आहे. एकदम पस्तीस लाख उभे करून एकाच उडीत जायला हवं असं कुणी ठरवलंय?

शिष्यवृत्तीची_वही:

बडोद्याचा विषय निघालाच आहे तर आजचं सांगते. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार वेगवेगळ्या आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या सरकारी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळी, खुल्या प्रवर्गासाठी वेगळी. उत्पन्नाची, वयाची आणि विद्यापीठाच्या क्यूएस जागतिक क्रमवारीची अट असते. अटी बदलत असतात, म्हणून मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबून राहू नका, त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. कन्सल्टन्सीनं दाखवलेली अर्धी नावं क्रमवारीच्या अटीतच गळतील.

युरोपात इरास्मस मुंडुस ही युरोपियन युनियनची शिष्यवृत्ती. निवड झाली तर फी नाही आणि वर महिन्याला १,४०० युरो. इकॉनॉमिक्सचे दोन लक्षात ठेवा, गणिती बाजूचा क्यूईएम आणि धोरणांच्या बाजूचा ईपॉग. दोन वर्षांत दोन-तीन देशांत शिकवतात. स्पर्धा जबरदस्त. इंग्लंडची चीव्हनिंग हवी तर आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षांसाठी भारतात परतावं लागतं. टाटांची जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून आहे, ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, म्हणजे फेडायची.

बेदाणेवालीची_बहीण:

मीच ती बहीण. दादानं माझ्या वतीनं विचारलं ते बरंच झालं, पण माझ्या मनात काय आहे ते मीच सांगते.

मला परदेशात स्थायिक व्हायचं नाही. नोकरी मिळाली तर नाही म्हणणार नाही, पण हेतू तो नाही. आमच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये बेदाणा तयार होतो. शेडवरून माल कोल्ड स्टोरेजला जातो आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यात निघतो. दिवाळीच्या तोंडावर दर चांगला मिळतो असं सगळे म्हणतात, आणि तरी बरेच जण पावसाळ्याच्या आत विकून रिकामे होतात, कारण औषधदुकानाची उधारी आणि सोसायटीचा हप्ता थांबत नाही. बाबाही तेच करतात. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, तिच्यात बेदाणा बसतो. मग आमच्या भावकीत ती कुणीच का घेत नाही? माहिती नाही म्हणून, का कागदपत्रांचा त्रास म्हणून, का व्यापाऱ्याची उचल आधीच घेतलेली असते म्हणून? मी टी.वाय.च्या प्रोजेक्टला चाळीस घरी फॉर्म भरून घेतले. टक्केवारीचे तक्ते केले, पाय चार्ट काढला, मार्क मिळाले. पण त्या तक्त्यांतून कारण कुठलं हे मला सांगता आलं नाही. ते कसं शोधतात हे मला शिकायचंय. बास.

गणिताची भीती वाटते हे खरं. दहावीला ९१ होते, म्हणजे वैर नव्हतं कधी.

फळ्यावरून:

अगं, मग एवढा वेळ हे कुठं होतं? हे आहे तुझं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे का शिकायचंय हे सांगणारं अर्जासोबतचं पत्र. "लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड" असली वाक्यं लिहू नकोस, कन्सल्टन्सीवाल्याला तर हात लावू देऊ नकोस.

तुझ्या प्रश्नाचा सख्खा भाऊ केनियात सापडतो. तिथंही मका काढणीला स्वस्त आणि काही महिन्यांनी महाग, तरी शेतकरी काढणीलाच विकायचे. संशोधकांनी काही शेतकऱ्यांना नेमकं काढणीच्या वेळी कर्ज दिलं आणि ज्यांना दिलं नाही त्यांच्याशी तुलना केली. कर्ज मिळालेल्यांनी मका धरून ठेवला, नंतर विकला, चार पैसे जास्त मिळवले. २०१९ मध्ये ते छापून आलं. खरी गंमत पुढं आहे. ज्या भागात पुष्कळ शेतकऱ्यांना कर्ज मिळालं, तिथं काढणीच्या आणि नंतरच्या दरातली तफावतच कमी झाली, त्यामुळं धरून ठेवणाऱ्याचा फायदा आटला.

बेदाणेवालीची_बहीण:

म्हणजे सगळ्या तासगावानं माल धरला तर दिवाळीला दर पडणार. पण मग ज्यांना मे महिन्यात विकावंच लागतं त्यांना मात्र बरा दर मिळेल. कर्ज न घेणाऱ्यालाही फायदा?

फळ्यावरून:

बरोबर. आणि तो फायदा मोजायचा तर गावागावांत कर्जदारांचं प्रमाण मुद्दाम वेगवेगळं ठेवावं लागतं. हे डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स. तुला शुद्ध थिअरीकडं जायची गरज नाही, पण प्रॉबॅबिलिटी आणि इकॉनॉमेट्रिक्स पक्कं हवं.

एमआयटीचा डेटा, इकॉनॉमिक्स अँड डिझाइन ऑफ पॉलिसी हा मायक्रोमास्टर्स म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम बघ. २०१९ चे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात शिकवतात. ऑनलाइन ऐकायला पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी उत्पन्नाप्रमाणं असते, आणि ते पूर्ण केलेल्यांना एमआयटीच्या याच विषयातल्या मास्टर्ससाठी अर्ज करता येतो. तिथं जागा मिळणं दुर्मीळ, पण अभ्यासक्रम स्वतःच तुझ्या कामाचा आहे. घरी बसून, भडंग खात.

ओहायो_वाळवा:

अमेरिकेबद्दल थोडक्यात. इथं इकॉनॉमिक्सचा मास्टर्स बहुधा स्वतःच्या पैशानं करावा लागतो. पीएच.डी.ला मात्र फी माफ आणि वर स्टायपेंड, शिवाय मास्टर्स नसतानाही घेतात. म्हणून संशोधनच करायचं असेल तर हिशेब उलटा लावा. तीन वर्षांच्या पदवीला बरीच विद्यापीठं नाही म्हणतात, सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. भारतात एम.ए. केलं की तो प्रश्न मिटतो. आणि कोर्सचा कोड बघून घ्या. साध्या इकॉनॉमिक्सला ४५.०६०१, तो स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत, नाही. इकॉनॉमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा ४५.०६०३ स्टेममध्ये आहे. पहिल्याला शिकल्यावर बारा महिने काम करता येतं, दुसऱ्याला आणखी चोवीस. वर्ग तेच, प्राध्यापक तेच, कोड वेगळा.

स्पष्टवक्ता_जत:

बेदाण्याचा भाव बघायला जर्मनी कशाला? मार्केट यार्डात जाऊन बसा. मुलीच्या जातीला एवढ्या लांब पाठवून बाग गहाण टाकायची हौस असेल तर असो.

बेदाणेवाला:

बाग गहाण पडतच नाही, वर मिरजेच्या काकांनी लिहिलंय. वाचलं असतं तर कळलं असतं.

बेदाणेवालीची_बहीण:

मार्केट यार्डात बसलेय काका, दोन वर्षं. तिथूनच हा प्रश्न निघाला.

कराड_ते_बॉन:

हे झकास. ताई, तुमचा स्कोर इथं कसा दिसेल ते काढून बघा. जर्मनीत सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल वजा उत्तीर्णतेच्या गुणांनी भागायचं, तिनानं गुणायचं आणि एक मिळवायचा. इथं १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास. ७४ टक्के आणि पासिंग ४० धरलं तर २.३ येतो.

फळ्यावरून:

पासिंग ३५ धरलं तर २.२. मार्कशीटच्या मागं नियम छापलेला असतो, तो बघ. बऱ्याच ठिकाणी कटऑफ २.५ च्या आसपास असतो, तिथं ०.१ ला किंमत आहे.

बेदाणेवालीची_बहीण:

मागं ४० आहे. २.३.

घरात काल रात्री बसलो. ठरलंय ते असं. यंदा एनपीटीईएलचं लिनिअर अल्जेब्रा आणि प्रॉबॅबिलिटी, दोन्हींची परीक्षा देणार. सोबत जॅम आणि सीयूईटी पीजी. लागलं तर एम.ए. इथंच, आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात गॉटिंगेन, इरास्मस आणि सारथीचे अर्ज. नाही लागलं तर कोल्हापूरला विद्यापीठात एम.ए., गणित चालूच. बाबांना दोन वर्षं मिळतात, तेवढ्यात घराची वारसनोंद होईल. प्रॉपर्टी कार्ड खरंच आजोबांच्या नावावर निघालं.

एक विचारायचं होतं. ट्रान्सक्रिप्ट आत्ता काढून ठेवू का एम.ए. झाल्यावर एकदम?

कराड_ते_बॉन:

बी.ए.चं आत्ताच काढा, तीन-चार संच, विद्यापीठाच्या शिक्क्यानं बंद केलेल्या पाकिटांत. पाकीट फोडू नका. माझ्या मावशीनं "आत काय आहे बघू" म्हणून फोडलं होतं.

मिरज_शाखा:

वारसनोंदीला सगळ्या आत्यांच्या सह्या लागतील. त्यांचा तो वेगळा प्रश्न आधी मिटवा.